हार्ड डिस्क खरंच गेली, की दोष दुसरीकडेच आहे?

कॉम्प्युटर मध्येच गोठतो, फाइल कॉपी होताना 'आय/ओ डिव्हाइस एरर' येते, सुरू करताना विंडोज आपणहून डिस्क तपासायला बसते. दुकानात नेलं की निदान एका वाक्यात होतं: हार्ड डिस्क गेली, नवीन टाका. नवीन टाकली जाते आणि पंधरा दिवसांनी तीच एरर परत हजर, कारण बिघाड केबलमध्ये, एसएमपीएसमध्ये (वीज पुरवणाऱ्या डब्यात) किंवा रॅममध्ये होता. उलटही होतं. डिस्क खरोखरच शेवटच्या घटका मोजत असते आणि मालक पुन्हा पुन्हा फॉरमॅट मारून विंडोज टाकत राहतो.

पुढचा क्रम विंडोज १० किंवा ११ असलेल्या डेस्कटॉपमधल्या साडेतीन इंची साटा (मदरबोर्डाला डिस्क जोडण्याची नेहमीची पद्धत) हार्ड डिस्कसाठी आहे. यूएसबी डिस्क आणि एसएसडी (फिरते भाग नसलेली, चिपवर साठवणारी डिस्क) यांचं जिथे वेगळं आहे तिथे तसं नमूद केलं आहे.

तपासणीआधी डेटा

डिस्कवरच्या एखाद्या गोष्टीची दुसरी प्रत कुठेच नसेल तर आधी ती प्रत काढा. तपासणीचा प्रत्येक तास आजारी डिस्कच्या आयुष्यातून वजा होतो. आधी फोटो, हिशेब, कागदपत्रं, मग बाकीचं. सिनेमे आणि सॉफ्टवेअरची सेटअप सगळ्यात शेवटी. 'वापरण्याआधी डिस्क फॉरमॅट करा' अशी चौकट आली तर 'कॅन्सल' दाबा.

एकेक फाइल अडकत असेल तर विंडोजमधून ओढाताण करू नका. लिनक्सच्या लाइव्ह (इन्स्टॉल न करता चालणाऱ्या) पेन ड्राइव्हवरून कॉम्प्युटर सुरू करा आणि डीडीरेस्क्यू हे साधन वापरा (उबंटूत त्याचं पॅकेज जीडीडीरेस्क्यू नावानं मिळतं). ते आधी सहज वाचता येणारा भाग उचलतं आणि खराब पट्टे मागे ठेवतं. प्रत ज्या डिस्कवर घ्यायची ती मूळ डिस्कइतकी किंवा मोठी हवी, आणि कामाची नोंद ठेवणारी मॅप फाइल तिसऱ्याच ठिकाणी, म्हणजे दुसऱ्या पेन ड्राइव्हवर हवी. ती फाइल असेल तर वीज गेली तरी काम जिथे थांबलं तिथून पुढे सुरू होतं. स्रोत कोणता आणि प्रत कुठे, हे सिरियल नंबर पाहून दोनदा खात्री करा. इथे अदलाबदल झाली तर कोऱ्या डिस्कची प्रत तुमच्या डेटावर बसते.

डिस्कमधून ठरावीक लयीत टकटक येत असेल, धातू घासल्यासारखा आवाज असेल, किंवा अडीच इंची डिस्क फिरण्याऐवजी बारीक 'टीं टीं' करत असेल तर इथेच थांबा. टकटक म्हणजे बहुधा हेड (वाचन-लेखन करणारं टोक) आपली जागा शोधू शकत नाही. टीं टीं म्हणजे मोटर जोर लावते आहे, पण हेड प्लॅटरला (आतल्या फिरत्या तबकडीला) चिकटल्यामुळे किंवा मोटर जाम झाल्यामुळे प्लॅटर हलत नाही. वीज काढा. डेटा मोलाचा असेल तर पुढचं काम रिकव्हरी लॅबचं. फ्रीजरमध्ये ठेवणं, हातानं ठोकणं, झाकण उघडून 'बघणं' हे उपाय अजूनही सांगितले जातात, पण हेड प्लॅटरपासून काही नॅनोमीटर उंचीवर तरंगतं आणि धुळीचा कण त्याहून कितीतरी मोठा असतो. सर्किट बोर्ड बदलूनही आताच्या डिस्क चालू होत नाहीत, कारण त्या विशिष्ट डिस्कसाठी जुळवलेली माहिती मूळ बोर्डावरच्या चिपमध्ये असते.

कोण एरर देतं आणि कोण मुकाट्यानं चुकतं

प्लॅटरवरच्या प्रत्येक सेक्टरसोबत ताळा पाहण्यापुरती जादा माहिती लिहिलेली असते. वाचताना ताळा जमला नाही तर डिस्क तोच सेक्टर पुन्हा पुन्हा वाचते, आणि तरीही जमलं नाही तर सरळ एरर देते. म्हणजे खराब डिस्क वेळ खाते, अडकते, तक्रार करते, पण चुकीचा डेटा बरोबर म्हणून सहसा देत नाही.

साटा केबलवरून जाणाऱ्या माहितीलाही ताळा असतो. केबल खराब असेल तर चूक पकडली जाते आणि तेवढा भाग पुन्हा पाठवला जातो. कॉपी चालू असताना काही सेकंद सगळं थबकतं, मग धावतं, पुन्हा थबकतं. फाइल मात्र शेवटी बहुधा धड पोचते.

घरगुती कॉम्प्युटरमधल्या साध्या रॅमला असा ताळा नाही. तिथे एक बिट उलटला तरी कुणाला कळत नाही. फाइल विनातक्रार कॉपी होते आणि नंतर उघडत नाही, झिप सुटताना 'सीआरसी एरर' (ताळा न जुळल्याची) येते, निळ्या स्क्रीनवरचा कोड दर वेळी वेगळा असतो. हे दिसलं तर डिस्कवरचा संशय तात्पुरता बाजूला ठेवा. 'सीआरसी' हा शब्द केबलबद्दलही येतो आणि झिपबद्दलही, पण दोन्हींचा अर्थ वेगळा. झिपमधली चूक तुमच्यापर्यंत पोचली, म्हणजे वाटेतल्या कुठल्याच ताळ्यानं ती पकडली नाही. फाइल मुळातच अर्धवट उतरलेली नाही ना, एवढं मात्र आधी बघा.

हे तपासायची पद्धत सोपी आहे. रॅमपेक्षा लहान, दोन-तीन जीबीची एक फाइल घ्या. सेव्हन-झिप टाकलेलं असेल तर फाइलवर उजवी क्लिक करून 'सीआरसी एसएचए' या मेनूतून एसएचए-२५६ काढा. असं पाच वेळा करा. पाचही उत्तरं अक्षरन् अक्षर तीच हवीत. पहिल्यानंतरच्या खेपांना फाइल बहुतेक रॅममधूनच वाचली जाते, त्यामुळे उत्तर बदलत असेल तर डिस्कचा पृष्ठभाग दोषी असण्याची शक्यता जवळपास नाही.

विंडोजच्या नोंदी

स्टार्ट बटणावर उजवी क्लिक, 'इव्हेंट व्ह्यूअर', डावीकडे 'विंडोज लॉग्ज', त्यात 'सिस्टिम'. उजवीकडच्या 'फिल्टर करंट लॉग'मध्ये हे क्रमांक स्वल्पविराम देऊन टाका: ७, ११, ५५, १२९, १५३, १५७.

यातला ७ म्हणजे डिस्कनं स्वतः कळवलेला बॅड ब्लॉक. ११ म्हणजे कंट्रोलरची (डिस्कशी बोलणाऱ्या चिपची) एरर. १२९ म्हणजे उत्तर येईना म्हणून विंडोजनं जोडणी रिसेट केली, आणि १५३ म्हणजे वाचन-लेखन पुन्हा करावं लागलं. १५७ म्हणजे डिस्क चालू कामात अचानक नाहीशी झाली. ५५ ही एनटीएफएसची (विंडोज फाइल मांडून ठेवते त्या पद्धतीची) तक्रार आहे: फाइल सिस्टिमची रचना बिघडली आहे, कशामुळे ते मात्र ती सांगत नाही. नुसते ७ असतील तर डिस्ककडे बोट जातं. ७ एकही नाही आणि ११, १२९, १५७ यांची रांग लागली आहे, तर आधी केबल आणि वीज.

एक चूक इथे नेहमी होते. नोंदीत 'हार्डडिस्क २' लिहिलेलं असतं आणि संशय मुख्य डिस्कवर घेतला जातो. 'डिस्क मॅनेजमेंट' उघडून क्रमांक ताडून बघा. तो २ पुष्कळदा कार्ड रीडर किंवा नीट न काढलेला पेन ड्राइव्ह असतो.

स्मार्टचे आकडे वाचताना

क्रिस्टलडिस्कइन्फो हे मोफत सॉफ्टवेअर डिस्कच्या आत साठलेले स्मार्टचे (डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते त्या नोंदीचे) आकडे दाखवतं. त्यातला निळा, पिवळा, लाल रंग बघून समाधान मानू नका. 'रॉ व्हॅल्यूज'चा रकाना वाचायचा. मुळात तो षोडशमान (०-९ सोबत ए-एफ वापरणाऱ्या) पद्धतीत असतो. 'फंक्शन' मेनूतल्या 'अ‍ॅडव्हान्स्ड फीचर'मध्ये जाऊन तो दशमान करून घ्या.

०५ म्हणजे बदली दिलेले सेक्टर: पृष्ठभागावरची जागा कायमची बाद झाली आणि राखीव साठ्यातली जागा वापरली गेली. सी५ (दशमानात १९७) म्हणजे वाचता न आलेले, अजून निकाल न लागलेले सेक्टर. सी६ (१९८) म्हणजे डिस्कच्या स्वतःच्या तपासणीत न वाचता आलेले. बीबी (१८७) म्हणजे दुरुस्त न झालेल्या चुका. हजारो डिस्क चालवणारी बॅकब्लेझ ही साठवण कंपनी याच चार आकड्यांवर आणि बीसीवर (१८८, वेळेत पूर्ण न झालेल्या आज्ञा) लक्ष ठेवते. गूगलनं २००७ साली एक लाखाहून अधिक डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. त्यात पहिली स्कॅन एरर (पृष्ठभाग तपासताना सापडलेली चूक) आल्यावर पुढच्या ६० दिवसांत डिस्क बंद पडण्याची शक्यता एरर नसलेल्या डिस्कच्या ३९ पट निघाली. त्याच अभ्यासात बंद पडलेल्या डिस्कपैकी निम्म्याहून जास्त डिस्कवर अभ्यासानं धरलेल्या मुख्य चार खुणांपैकी एकही नव्हती. म्हणून आकडे वाईट असतील तर विश्वास ठेवा, चांगले असतील तर निश्चिंत होऊ नका.

०१ आणि ०७ पुढे सीगेटच्या डिस्कवर कोट्यवधींचे आकडे दिसतात. घाबरू नका. त्या आकड्यात दोन वेगळ्या मोजण्या एकत्र बांधलेल्या असतात, चुकांची संख्या नव्हे.

आता डिस्कबाहेरचे दोष दाखवणारे आकडे. सी७ (१९९) म्हणजे केबलवरच्या ताळ्याच्या चुका. हा आकडा कधीच खाली येत नाही, त्यामुळे ३४० दिसला म्हणून आज दोष आहेच असं नाही. वर्षापूर्वीच्या ढिल्या केबलचा तो हिशेब असू शकतो. आकडा कागदावर लिहा, ५० जीबी कॉपी करा, पुन्हा बघा. वाढला तर दोष जिवंत आहे. तसंच ०सी (डिस्क किती वेळा चालू झाली) आणि सी० (अचानक वीज गेल्यानं हेड किती वेळा मागे घ्यावं लागलं) हे दोन आकडे लिहून ठेवा. कॉम्प्युटर सकाळपासून बंद केलेला नाही, झोपेतही गेलेला नाही, तरी संध्याकाळी हे वाढलेले दिसले तर डिस्कची वीज मध्येच तुटते आहे. एसएमपीएसवरचा संशय इतक्या स्वस्तात दुसऱ्या कशानं पक्का होत नाही.

तापमान ५० अंशांच्या आत असावं. डेस्कटॉपच्या बऱ्याच डिस्कची कमाल मर्यादा ६० अंश असते. चंद्रपूर-नागपूरकडे मे महिन्यात पारा ४५च्या पुढे जातो तेव्हा बंद कॅबिनेटमध्ये ती सहज गाठली जाते. डिस्कसमोर १२० मिलिमीटरचा एक पंखा बसवला तरी मोठा फरक पडतो.

निकाल देणारी तपासणी

प्रत्येक डिस्कमध्ये स्वतःला तपासण्याची सोय असते. जीस्मार्टकंट्रोल, किंवा सीगेटचं सीटूल्स वापरून ती चालवता येते. छोटी तपासणी दोनेक मिनिटांत होते आणि तिच्यावर फार विसंबण्यात अर्थ नाही. 'एक्स्टेंडेड' तपासणी पूर्ण पृष्ठभाग वाचते. १ टीबीच्या डिस्कला दोन-तीन तास लागतात, ४ टीबीला रात्रभर ठेवा. नेमका अंदाज डिस्क स्वतःच देते. त्या काळात कॉम्प्युटरची स्लीप बंद ठेवा, नाहीतर तपासणी अर्धवट सुटते.

हिचं महत्त्व असं की ती डिस्कच्या आतच होते. वाचलेला डेटा ना केबलवरून जातो, ना रॅममध्ये येतो. तपासणी 'रीड फेल्युअर' म्हणून थांबली तर केबल, पोर्ट, रॅम तिघेही सुटले. पूर्ण तपासणी निर्दोष झाली आणि विंडोजमध्ये एरर चालूच आहेत, तर दोष डिस्कच्या बाहेर शोधा. दोन्ही वेळा वीज मात्र संशयात राहते, कारण ती डिस्कला बाहेरूनच मिळते.

केबल, पोर्ट, वीज

एका वेळी एकच गोष्ट बदला. केबल, पोर्ट आणि एसएमपीएस एका झटक्यात बदलून एरर गेली तर काय बिघडलं होतं ते कळत नाही आणि जुना दोष अडगळीतून पुन्हा दुसऱ्या मशिनमध्ये जातो.

कॉम्प्युटर बंद करून मागचा प्लग काढा. साटा केबल दोन्ही टोकांना काढून पुन्हा बसवा, सी७ बघा. मग केबल बदला. धातूची क्लिप असलेली, एक मीटरच्या आतली घ्या. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत ती किरकोळ पैशांत मिळते, म्हणून जुनी वाचवण्यात अर्थ नाही. काटकोनात मुडपलेली किंवा कॅबिनेटच्या झाकणानं दाबलेली केबल दिसायला ठणठणीत असते आणि आतून गेलेली असते. केबलनंतर मदरबोर्डवरचा पोर्ट बदला. क्रिस्टलडिस्कइन्फोत 'ट्रान्सफर मोड'पुढे दोन आकडे असतात, पहिला सध्याचा आणि दुसरा डिस्कला शक्य असलेला. डिस्क ६०० ची आणि जोडणी ३०० वर चालली आहे असं दिसलं, आणि तो पोर्ट मुळात जुन्या वेगाचा नसेल, तर जोडणीत खोट आहे.

जुन्या, सेकंडहँड बोर्डांबाबत एक माहिती हाताशी असू द्या. ३१ जानेवारी २०११ रोजी इंटेलनं ६ सिरीजच्या चिपसेटमधला दोष जाहीर केला: ३ गिगाबिटचे साटा पोर्ट काळानुसार कमजोर होत जात. ६ गिगाबिटचे पहिले दोन पोर्ट (० आणि १) त्यातून सुटले होते. बी३ आवृत्तीत दोष दुरुस्त झाला. त्या काळातला पी६७ किंवा एच६७ चा बोर्ड असेल तर डिस्क पोर्ट ० वर लावून बघा.

एसएमपीएससाठी मल्टिमीटर लागतो. चार पिनांच्या मोलेक्स कनेक्टरमध्ये काळी तार शून्य, पिवळी १२ व्होल्ट, लाल ५ व्होल्ट. १२ ची तार ११.४ ते १२.६ आणि ५ ची ४.७५ ते ५.२५ यांत हवी. मोजमाप मशीन रिकामं असताना घेऊ नका. एकीकडे मोठी फाइल कॉपी आणि दुसरीकडे गेम, असा भार असताना घ्या. साडेतीन इंची डिस्कची मोटर १२ व्होल्टवर चालते आणि सुरुवातीला दोनेक अँपिअरपर्यंत ओढते, म्हणून कमजोर एसएमपीएस नेमका सुरू होताना उघडा पडतो. आकडे बरोबर आले तरी तो निर्दोष ठरत नाही. वाळलेल्या कपॅसिटरमुळे व्होल्टेजवर येणारी लहर साध्या मीटरला दिसत नाही, आणि एटीएक्सच्या मानकात ती १२ व्होल्टवर १२० आणि ५ व्होल्टवर ५० मिलिव्होल्टच्या आत असावी लागते. शंका उरली तर चांगला एसएमपीएस उसना आणून दोन दिवस लावणं हाच मार्ग. मोलेक्सवरून साटा करणारे एकसंध प्लास्टिक ओतलेले अडॅप्टर काढूनच टाका. त्यांच्या आतल्या तारा चिकटून जळल्याची उदाहरणं कमी नाहीत.

कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात? मग अर्थिंग नाही. एसएमपीएसमधला फिल्टर अशा वेळी कॅबिनेटला मेन्सच्या निम्म्या व्होल्टेजवर तरंगत ठेवतो. प्रवाह क्षुल्लक असतो, पण डिस्क किंवा यूएसबी जोडता-काढताना तोच पोर्ट जाळू शकतो. आधी इलेक्ट्रिशियन बोलवा.

यूएसबी डिस्क

अडीच इंची यूएसबी डिस्कला सुरू होताना एक अँपिअरपर्यंत प्रवाह लागू शकतो, यूएसबी २.० पोर्ट नियमानं अर्धा अँपिअर देतो आणि ३.० पोर्ट ०.९. कॅबिनेटच्या पुढच्या पोर्टऐवजी मागचा, बोर्डावरचा पोर्ट वापरा आणि लांब केबल टाळा. डिस्क खोक्यातून काढून थेट साटावर लावणं हा उत्तम पडताळा आहे, पण दोन अडचणी येतात: काही डिस्कच्या बोर्डावरच यूएसबी असतो, साटा नसतोच. काही खोकी डेटा आपणहून कूटबद्ध करतात, मग बाहेर काढलेली डिस्क कोरी दिसते. कोरी दिसली म्हणून फॉरमॅट करू नका, परत खोक्यात घाला. बाहेरून अडॅप्टर लागणाऱ्या मोठ्या डिस्कला चुकून लॅपटॉपचा १९ व्होल्टचा अडॅप्टर लावला गेला असेल तर बहुधा बोर्डावरचा संरक्षक डायोड जळतो. असली डिस्क जाणकार तंत्रज्ञाकडून बऱ्याचदा जिवंत होते.

रॅम, आणि त्यानंतरच चेकडिस्क

रॅम तपासणारं मेमटेस्ट८६+ पेन ड्राइव्हवर टाकून त्यावरून मशीन सुरू करा आणि निदान चार फेऱ्या, शक्यतो रात्रभर, चालवा. एक चूकही चालत नाही. चूक आली तर बायॉसमधलं (मशीन सुरू होतानाच्या सेटिंगमधलं) एक्सएमपी, म्हणजे रॅम वाढीव वेगानं चालवणारी सोय, बंद करून पुन्हा चालवा, मग एकेक पट्टी वेगळी लावून. पट्टीच्या सोनेरी कडा खोडरबरानं पुसण्याचा उपाय गंज किंवा मळ असेल तर लागू पडतो, चिप गेली असेल तर नाही.

हे सगळं झाल्यावर चेकडिस्क: ड्राइव्हवर उजवी क्लिक, 'प्रॉपर्टीज', 'टूल्स', 'चेक'. शेवटी का? चेकडिस्क वाचलेल्या माहितीवर विश्वास ठेवून फाइल सिस्टिम नव्यानं लिहितो. रॅम बिघडलेली असेल तर तो चांगल्या नोंदी चुकीच्या 'दुरुस्त' करतो. डिस्क मरणपंथाला असेल तर बॅड सेक्टर शोधणारा त्याचा प्रकार कमजोर हेडला अख्ख्या पृष्ठभागावर फरफटत नेतो. फाइल सिस्टिम ठीक करणं एवढंच त्याचं काम, डेटा वाचवणं नव्हे.

मशिननं डिस्क ओळखलीच नाही, तारीख मागे गेली आहे आणि निळ्या स्क्रीनवर 'इनअ‍ॅक्सेसिबल बूट डिव्हाइस' आहे, असं एकदम घडलं तर बोर्डावरचा सीआर२०३२ सेल बदला. तो संपला की बायॉसमधला साटा मोड मूळपदावर जातो आणि एएचसीआय किंवा रेड मोडवर टाकलेलं विंडोज उठत नाही. इंटेलच्या ११ व्या पिढीपासूनच्या लॅपटॉपवर विंडोज टाकताना 'ड्राइव्ह सापडत नाही' दिसलं तर तो बहुधा व्हीएमडीचा (इंटेलच्या साठवण-व्यवस्थेचा) ड्रायव्हर नसल्याचा परिणाम, डिस्कचा दोष नव्हे.

एसएसडीत 'पर्सेंटेज यूज्ड' (किती झिजली), 'अव्हेलेबल स्पेअर' (उरलेली राखीव जागा) आणि 'मीडिया एरर' (डेटातल्या चुका) बघा. एसएसडी टकटक करत नाही, एके दिवशी नुसती दिसेनाशी होते. फर्मवेअरही (ड्राइव्हच्या आतलं सॉफ्टवेअर) तपासा: सॅमसंग ९८० प्रोच्या काही नगांत जुन्या फर्मवेअरमुळे आरोग्याचा आकडा झपाट्यानं उतरून ड्राइव्ह फक्त वाचनापुरती उरत असे, आणि २०१९ मध्ये एचपीई कंपनीनं तिच्या काही एसएसडी ३२,७६८ तास पूर्ण होताच बंद पडतील असं सांगून नवं फर्मवेअर दिलं होतं.

सी५ मध्ये आकडा आहे, ०५ शून्य

ही अवस्था फसवी. लिहिताना वीज गेली तर सेक्टर अर्धवट लिहिला जातो, त्याचा ताळा जमत नाही आणि तो सी५ मध्ये मोजला जातो. पृष्ठभागाला काहीही झालेलं नसतं. प्रत काढून झाल्यावर 'क्विक'ची खूण काढून पूर्ण फॉरमॅट करा. विंडोज व्हिस्टापासून पूर्ण फॉरमॅट प्रत्येक सेक्टरवर शून्य लिहितो, त्यामुळे डिस्कला निकाल द्यावाच लागतो. सी५ शून्यावर आला आणि ०५ हलला नाही तर डिस्क बरी आहे. एसएमपीएस, यूपीएसची बॅटरी, घरातली वीज यांच्याकडे वळा. सी५ घटला आणि तितकाच ०५ वाढला तर पृष्ठभाग खराब आहे. आठवड्यानं पुन्हा बघा. ०५ आठवर स्थिर राहिला तर दुसरी प्रत असलेल्या सिनेमांसाठी ती डिस्क चालेल. आठाचे चाळीस झाले तर वॉरंटी तपासा, स्मार्टच्या पानाचा स्क्रीनशॉट काढा आणि डिस्क परत द्या. देण्याआधी तिच्यावर शून्यं लिहून घ्यायला विसरू नका.